ओंडक्यावरची चंद्रकोर

तीर्थरूप बाबांना,
नोटबुर्गाचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने इथे सगळे सुखरूप आहोत. लोणी मी अजून घरीच काढते, विकत आणत नाही.

काल आपल्या आखे नदीतून वरच्या रानातले ओंडके आले. तुमच्या दारावरून निघालेलं ते पाणी दोन घळींतून धडपडत इथे मोठ्या इन नदीला मिळतं. तिथल्या ओंडके अडवणाऱ्या लाकडी अडसराशी मी दरवर्षीसारखी उभी होते. तुमचे जावई हसले, "लाकडं बघायला आलीस की माहेर?"

"दोन्ही एकच," मी म्हटलं.

आपल्या घराची खूण असलेला ओंडका सापडला. पण बाबा, त्यावरची चंद्रकोर या वेळी सरळ रेघ झाली आहे. तुमची कुऱ्हाड अशी कधी चुकत नाही. हात दुखतो का? की खूण दुसऱ्या कुणी घातली? आपली धाकटी लोनी तुमच्याजवळ असून काहीच कसं कळवत नाही?

त्या ओल्या लाकडावर हात ठेवून मी तुमच्यासाठी प्रार्थना केली.

नदीला वर येता येत नाही, मला येतं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की काठाकाठाने निघते. मी येणार म्हणून लाकडं मात्र फोडत बसू नका.

तुमची लेक,
नोटबुर्गा