दर वर्षी थोडं मागे

२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आमच्या बागेतून दर वर्षी काढलेले तुझे समुद्राचे फोटो मिळाले. तुझ्या भाऊजींनी ते टेबलावर ओळीनं मांडले, चष्मा पुसला आणि म्हणाले, बघ, कडा तिथंच, पाणी तिथंच. तुम्ही भावंडंच घाबरट. आता मी काय बोलणार? कडा रोज ढासळतोय, स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडलीय. मोठ्या भरतीआधी घर सोडायला हवं. मदत मागितली, तर तू त्यांचाच वकील निघालास! असं कसं झालं, ते त्यांनाच लिही.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई

९ मे

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

सगळे फोटो पुन्हा पाहिले. ते खोटे नाहीत, पण त्यांनी तुम्हाला फसवलं. म्हणजे मीच फसवलं. कडा चौकटीत ठरावीक जागी आला की चित्र तोलदार दिसतं. म्हणून कडा जेवढा आत आला, तेवढा मी दर वर्षी मागे सरकलो. नकळत, असं लिहिणार होतो. पण तशी खात्री देववत नाही.

फोटो बाजूला ठेवा, मी कुठं उभा होतो ते आठवा. पहिल्या वर्षी तुम्ही चहाला हाका मारल्यात, त्या वाऱ्यात मला ऐकूच आल्या नाहीत. शेवटी कप घेऊन बागेच्या टोकापर्यंत आलात, अर्धा चहा बशीत. गेल्या वर्षी तोच कप स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या हातात दिलात. माझी पाठ भिंतीला टेकली होती. यंदा मला सरकायला जागा नाही, भाऊजी.

रागवा, पण लोभ कमी करू नका.

आपला,
मेहुणा

१४ मे

चि. मेहुणेबुवांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र हिनं मुद्दाम मोठ्यानं वाचलं. ही बाजारात गेल्यावर खिडकीपासून कड्याकडे चालू लागलो, तर चालणं लगेच संपलं. इतकी वर्षं वाटत होतं, आपलं वय झालं म्हणून बाग लहान दिसते.

वरच्या रस्त्याला दोन खोल्या पाहिल्यात. हिला सांगितलं, तर ‘मी म्हणत नव्हते?’ असंही म्हणाली नाही. तेच जड गेलं.

शनिवारी या, कपाट मला एकट्याला उचलत नाही. कॅमेरा आणा. समुद्र पुष्कळ काढलात, आता घराचा एक काढा. आम्ही दोघं दारात उभे राहू. मी हसलो नाही, तर चालवून घ्या.

वाट पाहणारा,
भाऊजी