गवत लागलं तरी वाजते

३ ऑगस्ट
आज लुगडं सोडलं. लग्न झालं तवापासून कमरेले खोचत आली, आज सुनेची मॅक्सी घातली. शोभानं काढून दिली, फुलाफुलाची. आरशात पाह्यलं त पोतं उभं केल्यासारखी दिसते. पण डाव्या कुशीले लुगड्याची गाठ सहन होत नाई, काय करू.
नागीण आषाढात निघालती. पाठीपासून बेंबीपर्यंत, डाव्या आंगानं, पुरळ आन् पाणी. गेरूवाल्या बुवानं गेरू लावून मंतर म्हटला, दवाखान्यातल्या डाक्टरच्या गोळ्याही खाल्ल्या. खपल्या पडल्या त दोघंही म्हणे माह्यानं गेली. कातडं आता कोरं आहे, नुसते डाग. आतून निखारे कोण फिरवून राह्यलं ते दोघांतलं कोणी सांगत नाई.

६ ऑगस्ट
यशोदा आली. कापूस वेचायची माही जोडीदारीण, जवानीपासून आमच्या दोघींच्या ओळी शेजारीशेजारी. मॅक्सी पाहून दारातच थांबली.
"काय वं, बाळंतीण झाली का काय?"
म्हटलं, हो, तुह्याच बुढ्याचं हाये.
मंग आत येऊन कूस पाह्यली. बोट लावलं, मी ओरडली. ती म्हणे, "इथं त काहीच नाई वं." काहीच नाई, काहीच नाई. सगळे हेच.
जाताना म्हणे, सीतादहीपर्यंत बरी हो, पहिली ओटी कोण बांधन?
मीच बांधीन. पहिल्या वेचणीले वावरात दहीभात ठेवायचा, मंग घरच्या बुढीनं कमरेले फडक्याची ओटी बांधून पहिला कापूस वेचायचा. सासू गेल्यापासून माहं काम ते. तेवढं झालं पाह्यजे. त्याच्या मागून दुखत राह्यलं तरी चालते.

१३ ऑगस्ट
दिनेशनं यवतमाळले नेलं. माहा पोरगा. गाडीवर बस म्हणे, त्यापेक्षा एसटी बरी. एसटीचा दांडा कुशीले लागला तवा वाटलं गाडी बरी होती.
दुखण्याची वेगळी डाक्टरीन असते हे ठाऊक नव्हतं. पोरगीच आहे.
"आजी, शून्य ते दहा, किती दुखतं?"
म्हटलं, चवथीपर्यंत गेली बाई शाळेत, हा पाढा नाई शिकवला.
हसली. मंग डोळे मिटा म्हणे, आन् कापसाचा बोळा घेतला. साफ, सरकी नाई, काडी नाई. उजव्या कुशीवर फिरवला त कापूस. तोच बोळा डाव्या कुशीवर आणला, आन् मी तिच्या हातावर फटका मारला. तिचा पेन खाली पडला.
रागावली नाई. म्हणे, हेच पाहायचं होतं.
जलमभर ओटीत घेऊन फिरली तो कापूस. तो आता

१४ ऑगस्ट
काल तिनं समजावलं ते माह्या डोक्यात गेलं नव्हतं. आज दिनेशनं ओसरीवर बसून सांगतलं.
"माय, आपल्या वावरात झटका मशीन हाये ना? रानडुक्कर कुंपणाच्या तारेले लागलं की भोंगा वाजते. आता पावसात गवत वाढलं, त गवत लागलं तरी वाजते. डुक्कर नसते तिथं. तुह्या नसेचं तसं झालं. नागीण गेली, पण तार बिघडवून गेली."
म्हटलं, मंग गवत काप.
"इथं गवत म्हणजे तुहं लुगडं. हवा. गोधडी. काय काय कापू?"
पहिल्यांदा शहाण्यासारखा बोलला. उपयोग काही नाई.
गोळी चालू. हळूहळू वाढवायची आहे. रोज आकडा लिहत जा म्हणे डाक्टरीन. लिहतेच आहे, आकडा सोडून.

२२ ऑगस्ट
पोळा. गोळीनं डोळ्यावर झापड. पुरणात गूळ टाकला तसं मीठही टाकलं मूठभर. शोभा काही बोलली नाई, बैलापुढं नेऊन ठेवलं. बैलानं तोंड फिरवलं. त्याले तरी बोलता येत असतं त बरं झालं असतं, घरात कोणी तोंडावर बोलत नाई आजकाल. बिमार माणसाचा हा एक ताप.
दुखणं तसंच. फक्त आता पेंगत पेंगत दुखते.

२९ ऑगस्ट
दु. तसंच. गोळ्या बंद केल्या मनानं.

३१ ऑगस्ट
दु. दुप्पट. चक्कर येऊन चुलीपाशी पडली. शोभा म्हणे, "आई, त्या गोळ्या एकदम सोडायच्या नसतेत, सांगतलं होतं नं त्याईनं!" मोठ्यानं बोलली. सून ओरडली माह्यावर. पुन्हा चालू केल्या.

४ सप्टेंबर
दुसरी गोळी जोडली. पांढरकवड्याच्या औषधवाल्यानं पाकीट पाहून इचारलं, "उदासी हाये का जी आजीले?" मी त दिनेशले पाकीट तिथंच परत करायले लावत होती. मी उदास नाई, मले राग आला आहे. दिनेशनं डाक्टरनीले फोन लावून माह्या कानाले लावला.
"आजी, थोड्या मापात तीच गोळी दुखण्यावर चालते. मेंदूकडून खाली नसेला निरोप जातो, आता बस म्हणून. त्या निरोपाला बळ देते ती."
म्हणजे मेंदू माहा, नस माही, आन् बस म्हणायले गोळी पाह्यजे. घरात माहं एक बोलणं कोणी टाळत नाई, आन् आपल्याच आंगात हे हाल.

१५ सप्टेंबर
आता मिरचीचा मलम. खोटं नाई, मिरचीतल्या तिखटाचाच आहे. शोभानं हातमोजे घालून लावला. मी बोंबलली तशी शेजारचे धावून आले. मिरची नसेले इतकं भाजते की ती थकून गप बसते म्हणे. रोज लावा, मंग गुण.
लावला. नस नाई थकली. मी थकली. डबी शोभाले म्हटलं भाजीत टाक.

२४ सप्टेंबर
दिनेश वावरातून पळतच आला. मोबाइलवर पाह्यलं म्हणे, परदेशात नवी गोळी निघाली. गुंगी नाई, सवय लागत नाई. "माय, आपल्या गोळ्या भोंग्यावर पोतं टाकतेत. ही त निरोप नसेतच अडवते, भोंग्यापर्यंत जाऊच देत नाई." फोटो दाखवला. दिसाले साधी गोळीच आहे.
इतक्या दिवसांत पोराचं तोंड असं उजळलेलं पाह्यलं नव्हतं. म्हटलं, आण मंग. सीतादहीच्या आधी आण.
मीही कायले बोलली असं.

१ ऑक्टोबर
यवतमाळ. डाक्टरनीनं मोबाइल हातात घेऊन सगळं वाचलं. म्हणे, "खरं आहे हे. पण ती ताज्या दुखण्यासाठी आहे, ऑपरेशननंतरच्या वगैरे. तुमच्यासारख्या जुन्या दुखण्यावर अजून तपासणं चालू आहे. आणि आपल्याकडे मिळत नाही."
दिनेश म्हणे, "तपासणीत मायचं नाव टाकता येते काय जी?"
"इथे नाही."
"मंग कधी येईन?"
"मला माहीत नाही."
मले आवडली ती पोरगी. बुवाले माहीत होतं, औषधवाल्याले माहीत होतं, यशोदाले त सगळंच माहीत असते. माहीत नाई म्हणणारं हे एकच माणूस भेटलं.
एक पट्टी दिली, चिकटवायची. कातडं सुन्न करते काही घंटे. म्हणे, सणाच्या दिवशी लावून पाहा.
एसटीत दिनेश खिडकीकडं तोंड करून बसला. एवढा बाप्या, डोळे पुसून राह्यला आन् डोळ्यात धूळ गेली असं मले दाखवून राह्यला. पांढरकवड्याले उतरल्यावर म्हटलं, भजे घे. दोघांनी भजे खाल्ले.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. उटणं नाई. आंगाले हात लावू दिला नाई. दु. तसंच.

२८ ऑक्टोबर
सीतादही.
सकाळीच पट्टी लावली. लुगडं नेसली. खोचताना श्वास धरला, पण जमलं. वावर घरामागंच आहे, चालत गेली. झाडाखाली दगड मांडले, कुंकू लावलं, दहीभात ठेवला. यशोदा म्हणे, "आली वं नवरी!" शोभानं ओटी सैल बांधली. म्हटलं, मेलेल्याले बांधतं काय, आवळ. आवळली. काहीच झालं नाई. नुसतं सुन्न.
पहिलं बोंड वेचलं. मंग दुसरं. मंग मोजलंच नाई. हात विसरले नाई काही. यशोदा शेजारच्या ओळीत, तिच्या पुढं गेली मी. म्हटलं, बुढे, चाल नं लवकर.
ओटी भरत आली. घामानं पट्टी सुटली का काय, ठाऊक नाई. कापूस फुगून कुशीले घासाले लागला. पाच-सात झाडं अजून दम काढला, मंग ओळीतच बसली. ओरडली नाई. ओरडाले हवा नव्हती.
यशोदा येऊन उभी राह्यली. म्हटलं, हस नं वं. नाई हसली. जलमभर हसली माह्यावर, आज नाई हसली.
ओटी सोडली आन् शोभाच्या कमरेले बांधली, भरलेली तशीच. गाठ माह्या हातानं मारली. ती म्हणे, "आई, पुढच्या सालाले तुमीच." म्हटलं, पुढं पाह्य, ओळ अर्धी राह्यली आहे.

२९ ऑक्टोबर
मॅक्सी.

३१ ऑक्टोबर
पुढच्या खोलीत कापूस येऊन पडला आहे, छातीएवढा ढीग. मी मागच्या खोलीत झोपते, तिथंही पिसं उडत येतेत. डाक्टरनीनं फोनवर गोळी अजून वाढवली. नव्या गोळीचं दिनेश इचारत नाई आता. पण मोबाइल पाहत असते, मी आली की उलटा ठेवते.
दिवस बुडता भोंगा वाजला वावरातला. दिनेश ओसरीवर चहा पीत होता, हालला नाई.
म्हटलं, भोंगा.
"गवत असन, माय."
म्हटलं, जाऊन पाह्य.
"रोजच वाजते नं. काही नसते तिथं."
म्हटलं, मले माहीत हाये काही नसते. तरी जाऊन पाह्य.
माह्याकडं पाह्यलं त्यानं. कप खाली ठेवला, बॅटरी घेतली, चप्पल घातली. गेला.
भोंगा अजून वाजून राह्यला.