विमानाची कच्ची शिलाई

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता आठवत नाही, कात्री आठवते. टेबलावर पसरलेलं कापड, खडूची रेघ, आणि त्या रेघेवरून न अडखळता चाललेली कात्री. चौथीतून काढून तुम्ही मला काज-बटणाला बसवलं, त्यामुळे माझं लिहिणं जे काही आहे ते असं आहे. पण तुम्हीच म्हणायचे, कागदावर बोलल्यासारखं लिहू नाही, लोक हसतात. म्हणून जमेल तितकं शाळेतल्यासारखं लिहिते. लिहायला कारण विमान झालं. तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरीचं डोकं फिरलं. फिरलं नाही. सगळं सांगते.

मी आता अमरावतीला लेकाकडे असते. त्याची पोरगी, म्हणजे तुमची पणती, चित्रं काढते. देवाची नाही, फुलांची नाही, लढाईतल्या विमानांची. चित्रकलेचं कॉलेज केलं तिनं, आणि तिथल्या सरांनाही कळलं नाही की ह्या पोट्टीला विमानाचं वेड कुठून लागलं. माझ्यापासून लागलं. लहानपणी ती तापानं पडली होती तेव्हा मी तिला शिवणीची गोष्ट सांगितली होती. मोठ्या लढाईच्या काळात अकोल्याजवळ शिवणीला विमानतळाचं काम निघालं, आणि तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून तिकडे नेलं. तारेच्या पलीकडे एक लहानसं विमान उभं आहे, त्याचे पंख कापडाचे आहेत. तुम्ही पहारेकऱ्याला विचारता, हात लावू का. तो म्हणतो, दुरूनच पाहा. तुम्ही दुरून पाहता, आणि परत येताना अर्ध्या रस्त्यात सायकल थांबवता. मग म्हणता, "कापूस आपल्याकडचाच असन तो." होता की नव्हता देव जाणे. पण पोरीनं ते धरून ठेवलं.

तिच्या चित्रातली लढाई तीच, फक्त झाली वेगळी. समुद्रातून येणारा माल बंद पडला, पत्रा संपला, आणि सरकारनं अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्येच विमानं बांधायला घेतली. मेळघाटचं सागवान, तेल्हाऱ्याचा कापूस, आणि जठारपेठेतले शिंपी पंखांवर कापड चढवून राहिले आहेत. सगळं खोटं. पण त्या खोट्याचाही ती हिशेब मांडते. इंजिन कुठून आलं, तेल कुठून आलं, पावसात कापड भिजलं तर काय. मी म्हटलं, "जे झालंच नाई त्याचा एवढा इचार कायले?" तर म्हणते, "झालं नाई म्हणूनच तं करा लागते आजी. झालेलं तं कोनीही काढन." ह्या घरात मला गप बसवणारी ती एकटी आहे.

इकडे बाहेर काय चाललं आहे तेही सांगते. कापसाला भाव नाही, म्हणून गावात लग्नं मंदिरात उरकतात. नवा कपडा कोणी शिवत नाही, शिवलाच तर तयार आणतात. तुमचा नातू जिनिंगमध्ये फिटर होता, ती जिनिंग आता वर्षातले दोन-तीन महिने चालते, बाकीचे दिवस तो शाळेची पोरं रिक्षातून पोचवतो. पेपरवाले येतात, दारोदार रडणारी बाई शोधतात. माझ्याकडे एक आला होता. मी त्याला पाणी दिलं, आणि तो विचारू लागला की आजी, तुम्हाला झोप येते का. मी म्हटलं, "तू गेला की येईन." तो पुन्हा आला नाही.

तर पुण्यात एक कंपनी आहे, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. त्या खेळांसाठी आधी चित्रं काढावी लागतात, असं असेल तर कसं दिसेल अशी. पोरीनं त्यांना तीन चित्रं पाठवली. दोन चालली. तिसरं, हे कापडाच्या विमानाचं, तिथल्या साहेबानं परत केलं. फोनवर म्हणाला, चित्र चांगलं आहे पण पटत नाही, हे विमान उडेल असं वाटत नाही. लोकांकडून सूचना घे, सुधार, सोमवारपर्यंत पाठव, मग बोलू. जमलं तर पुण्याची नोकरी. नाही तर तिच्या मायनं डी.एड.चा अर्ज आणूनच ठेवला होता. डी.एड. केलेली चार पोरं आमच्याच गल्लीत ओट्यावर बसून मोबाइल दाबत असतात, पाचवी ही बसली असती.

आता सूचना घ्यायच्या म्हणजे कोणाच्या? तर म्हणे इंटरनेटवर एक जागा आहे, तिथं जगभरातले विमानं काढणारे लोक एकमेकांच्या चित्रांना नावं ठेवतात. फुकटात. मी म्हटलं, त्याला इंटरनेट कशाला पाहिजे, आपली गल्ली आहे. राजापेठेतल्या फोटोवाल्याकडे जाऊन तिनं चित्राची कॉपी कॉम्प्युटरमध्ये घातली. लाइट नव्हती म्हणून मी आणि ती दोघी त्याच्या दुकानात बसून होतो. तो भला माणूस, चित्र हातात घेऊन मला विचारतो, "अम्मा, ये जहाज कब उडेगा?" मी म्हटलं, "तुमची लाइट आली की." 

लोकांनी लिहिलं, खूप लिहिलं. एक म्हणाला इंजिन फार लहान आहे, मोठं कर. एक म्हणाला पंख जड दिसतात, आखूड कर. एक म्हणाला पंखावर बसून शिवणाऱ्या त्या बाया हास्यास्पद दिसतात, घसरून पडतील, काढून टाक. कोणी म्हणालं खाली पराटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर कशाला, बर्फाचे डोंगर घाल. आणि आपल्याच देशातला एक शहाणा म्हणाला, तू विदर्भातली आहेस, विमानं कसली काढतेस, सुकलेलं शेत आणि डोक्याला हात लावलेला म्हातारा काढ, लोकांना भिडेल. पोरीनं सगळं ऐकलं. इंजिन मोठं केलं, पंख कापले, बाया पुसल्या, डोंगर घातले. तीन दिवस रंगात हात बुडवून होती. म्हातारा तेवढा घातला नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी डी.एड.चा अर्ज घेऊन खिडकीत बसलेली मला दिसली. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मी ते उलटं केलं. बाबा, ते कोणाचंच विमान राहिलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या भिंतीवर टांगतात तसं काही तरी झालं होतं.

तेव्हा मला त्या वकिलाचा कोट आठवला. तुम्हाला आठवत नसेल, तुमच्या हातून हजार कोट गेले. मी अकरा-बारा वर्षांची. वकील ट्रायलला आला आहे, कोट कच्च्या टाक्यावर आहे, आणि तो हात वर करून म्हणतो, बाही आखूड झाली, दोन बोटं लांब कर. तुम्ही हो म्हणता. तो गेल्यावर मी लगेच बाही उसवायला घेते, तर तुम्ही माझ्या हातातून कोट ओढून घेता. "गिऱ्हाइकाचं ऐकतं का गिऱ्हाइकाचं करतं?" मला वाटतं, दोन्ही एकच. तुम्ही बाहीला हात लावत नाही. मुंढा उसवता, म्हणजे जिथं बाही अंगाला लागते तो गोल, आणि तो थोडा वर घेऊन पुन्हा जोडता. वकील आला, हात वर केला, बाही बरोबर बसली. तो खूश होऊन म्हणतो, पाहा, मी म्हटलं होतं ना लांब कर. तुम्ही म्हणता, जी साहेब. मग मला म्हणता, "कुठी टोचते ते त्यानं सांगाचं. कुठी कापाचं ते आपन पाहाचं. अंग त्याचं आहे, कात्री आपली आहे."

मी पोरीला उठवलं. म्हटलं, "पहिलं चित्र कुठी आहे?" तिच्याकडे त्याची कॉपी होती, फोटोवाल्यानं काढून दिलेली. ती अंगणातल्या दोरीवर चिमट्यानं टांगली, धुणं टांगतो तशी. म्हटलं, "आता ट्रायल घेऊ. कोन काय बोललं ते सांग. काय कर म्हने ते सांगू नको."

"एकच हाय ना ते आजी."

"एक नाई. इंजिन मोठं कर म्हनला, ते सोड. त्याले खटकलं काय?"

"समोरून हलकं वाटते म्हने."

"अन दुसऱ्याले?"

"पंख जड वाटते."

"बायायचं?"

"त्या घसरतीन असं वाटते."

"अन साहेबाले?"

"उडत नाई असं वाटते." मग तिनं दोरीवरचा चिमटा नीट केला. "अन एक जन म्हने शेतीचं काढ."

"तो ट्रायल घेऊन नाई राहिला. तो कोट शिवाले टाकलेल्या मानसाले इचारून राहिला, धोतर काहून नाई. त्याले जी साहेब म्हन अन सोड."

बर्फाचे डोंगर सांगणाऱ्यालाही त्याच खुंटीवर टांगलं. राहिले चौघं. चौघं चार गोष्टी बोलत होते, पण मला दिसत होतं की चौघांचाही हात काखेतच जातो. मी पंख आणि धड जिथं जुळतात तिथं बोट ठेवलं. म्हटलं, मला विमानातलं काही कळत नाही, पण हा मुंढा बसला नाही. ती जवळ गेली, लांब गेली, पट्टी आणून पेन्सिलीनं रेघा मारत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली की धड तिनं बाजूनं पाहून काढलं होतं आणि पंख थोडे वरून पाहून. दोन वेगवेगळ्या जागी उभं राहून एकच विमान काढलं होतं, म्हणून ते जोडल्यासारखं दिसत होतं, उगवल्यासारखं नाही. हे तिचं तिनं शोधलं. मी बोट ठेवलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती नवीन कागदावर बसली. पंख पुन्हा लांब, इंजिन जेवढं होतं तेवढंच, खाली पराटीचं वावर, बोंडं फुटलेली. बाया परत आल्या. तुमच्यासारखा एक चष्मेवाला माणूसही आला, पंखाच्या टोकाशी सुई ओवत बसलेला, पण तो तुम्ही नाही, ती म्हणते तो असाच कोणी शिंपी. ठीक आहे. लाइट गेली की ती खुर्ची घेऊन दारात बसे, आली की आत. तिची माय म्हणाली अर्जाची तारीख निघून जाईल. मी म्हटलं, "जाऊ दे, तारखा दरसाल येतेत." सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्या पोरीचं वाटोळं करून राहिले आहे. तिचंही बरोबर. सोमवारी चित्र नापास झालं असतं तर त्या घरात मला भाकर वाढली असती, पण भाजी वाढली नसती.

माझी जीभ तुम्हाला माहीत आहे, एकदा सुटली की आवरत नाही. चित्र रंगत आलं तेव्हा मी म्हटलं, ह्या पंखाच्या खाली एक चौबगला घाल, म्हणजे ताण येणार नाही.

"इमानाले चौबगला?" ती हसायला लागली. "शर्टाच्या काखेत घालतेत तो?"

"हसतं काय. ताण येतेच ना तठी. अन ह्या बायायच्या लुगड्याले जरा लाल लाव, बरं दिसन."

तिनं ब्रश खाली ठेवला. "आजी, तू टोचते तेवढं सांग. कापाचं मी पाहीन."

सून आतून हसली. मी म्हटलं, हसा. लुगडी निळीच राहिली. चांगली दिसतात, मी तिला सांगितलं नाही.

रविवारी दुपारी चित्र झालं. तिनं ते त्याच दोरीवर टांगलं, मला खाटेवरून उठवून समोर उभं केलं आणि म्हणाली, शेवटची ट्रायल, सांग. मी पाहिलं. पंख धडातून निघाला होता, खांद्यातून हात निघतो तसा. बाया त्यावर अशा बसल्या होत्या की हे काम त्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. विमान जमिनीवर उभं होतं आणि उडणारं होतं. शिवणीला तुम्ही तारेपाशी जसे उभे राहिला होता, तशी मी उभी राहिले. मग म्हटलं, "डावा पंख जरा जड वाटते."

ती माझ्याकडे न पाहता पंखाकडे पाहत राहिली. जवळ गेली, लांब गेली, एक डोळा मिटून पाहिलं. "नाई टोचत आजी," म्हणाली, आणि चिमटे काढून चित्र गुंडाळलं, फोटोवाल्याकडे निघून गेली.

परवा पुण्याच्या गाडीत बसवून आलो तिला. साहेबाला पटलं. चित्र तिनं सोबत नेलं, कॉपी मागं ठेवली, तिच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे, म्हणून पाठवायचा प्रश्नच नाही, आणि पाठवणार तरी कुठं. फक्त एक सांगायचं राहिलं. तो डावा पंख जड वाटत नव्हता, बाबा. तो सुधारायला ती अजून एक दिवस माझ्याजवळ बसली असती, एवढंच.