रीतीचं रडणं

प्रिय राखी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. माझ्या अक्षराला नावं न ठेवता वाच. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे आणि तुझ्या वहिनीचे गुडघे पुन्हा कुरकुरताहेत.

याडीला नागपूरला नेलं होतं, मेंदूचा फोटो काढायला. आपल्या बंजारा तांड्यात बाया भेटल्या की गळ्यात पडून, मनातलं बोलत सुरात रडतातच. होळीला तू आलीस, तेव्हा ती तुझ्या गळ्यात पडून तशीच रडली आणि मग पोटच्या पोरीकडे बघून तिने विचारलं, ही कोणाची पोरगी? दुसऱ्या दिवशी बांगडीवालीच्या गळ्यात पडून तेवढीच रडली. तू म्हणालीस, "तिले मी अन् बांगडीवाली सारखीच," आणि गेलीस. त्यानंतर आली नाहीस. मला तुझा राग आला होता, पण तुझं चुकलं असंही वाटलं नाही.

आम्हाला वाटायचं, कालची भेट विसरते म्हणून आज पुन्हा रडते. आम्ही हसायचो, रीतीप्रमाणे पाणी द्यायचो, ती गप्प व्हायची. मग जेवण सुटलं, आरसे लावायचं भरतकाम सुटलं. तेही आम्ही विसरण्याच्याच खात्यात टाकलं.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. आठवणींचा भाग आक्रसलाय, तो आता भरून येणार नाही. पण कपाळामागचा भागही मंद पडलाय. नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही म्हणाले, पण आमच्याकडून सगळं ऐकल्यावर त्यांनी सांगितलं की विसरण्यासोबत तिला नैराश्यही आहे. मी विचारलं, सगळं विसरते तर दुःख कसलं? ते म्हणाले, गोष्ट विसरली तरी दुःख उरतं. गोळ्या दिल्यात, पण माणसंही लागतील म्हणाले. शेवटी त्यांनी विचारलं, रडताना आई काय म्हणतात? मला सांगता येईना. रीतीचं रडणं कोण ऐकतं, राखी?

परवा बसंतीकाकी आली. याडी तिच्या गळ्यात पडली आणि मी पहिल्यांदा शेजारी बसून ऐकलं. ती म्हणत होती, माझी राखी मला विसरली. काकीला विचारलं, तर म्हणाली, केव्हाची हेच म्हणते. म्हणून हे पत्र. तू ये. ती तुला ओळखणार नाही. तुझ्याच गळ्यात पडून तुझीच तक्रार करील. ऐकून घे. पाणी लगेच देऊ नकोस.

तुझाच भाऊ,
भारत