कुंताच्या लग्नातलं सातवं वचन

२० एप्रिल १९७९

आज ताट भिरकावलं. भिंतीवर आपटून वाकडं झालं. कारण काय, तर आमच्या कुंताला लग्नात वचनं मराठीतून हवीत! लग्न लावणाऱ्या महाराजांचं संस्कृत कुणाला कळत नाही म्हणते. कळत नाही म्हणूनच तर आजवर कुणाचं भांडण झालं नाही. कोंढ्याचा नवरदेव शाळामास्तर आहे, त्यानंच डोक्यात भरवलं असणार.

२१ एप्रिल

तिचा कागद वाचला. सहा वचनं ठीक आहेत. सातवं नवरदेवानं म्हणायचं — "माझ्या घरात कोणत्याही बाईवर हात उचलला जाणार नाही."

डोकं फिरलं. सारं आसगाव मांडवात बसणार. हे कानावर पडलं की प्रत्येक मान माझ्याकडे वळणार. पोरीलाही ते पक्कं ठाऊक आहे. कागद फाडला, तर तिनं तोंडपाठ म्हणून दाखवलं! बैल हाकायची तुतारी हाताशी होती. पाठीवर ओढली. तिची आई शकुन मधे पडली, तिलाही ओढली.

दोघीही रडल्या नाहीत. त्याचाच जास्त राग आला.

२५ एप्रिल

महाराजांना दम दिला — जुनं तेच चालेल, नाहीतर मांडवात पाय ठेवू नका. म्हणाले, "मी माझं म्हणतो ना टिकारामजी. मंग पोरगा काय बोलते, त्याले मी काय करू?"

२७ एप्रिल

कोंढ्याला जाऊन आलो. व्याही श्यामराव म्हणाले, "पोराचा हट्ट हाय, मले इचारू नका." नवरदेव इश्वर तिथंच उभा. "ते वाक्य नसन तं मी मांडवात उभा नाही राहत, मामाजी." कॉलर धरली त्याची, भिंतीला दाबला. त्यानं हात खालीच ठेवले. शेवटी मीच सोडलं.

पत्रिका वाटून झाल्या आहेत. आता लग्न मोडलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. होकार देऊन आलो. आतून नुसता जळतो आहे.

३० एप्रिल

जेवताना शकुनला विचारलं, "कोणत्याही बाईवर काहून? बायको तं एकच राहीन ना त्याची?" भात वाढता वाढता म्हणाली, "असू द्या. कानाले बरं वाटते."

पाण्याचा गडवा फेकून मारला. कपाळ सुजलं आहे. लग्नात पदरानं झाकेल.

६ मे

लग्न लागलं. महाराजांनी आपलं म्हटलं. मग इश्वरनं ते खणखणीत म्हटलं. माना वळल्या. मी अक्षता मुठीत दाबून जमिनीकडे बघत राहिलो. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पाठराखीण म्हणून माझी बहीण धुरपता जाणार होती. नवरीसोबत चार दिवस राहून परत यायचं, एवढंच काम. तर बैलबंडीत शकुनच जाऊन बसली! मी दात-ओठ खात म्हटलं, "आई कधी पाठराखीण जाते काय? लोक हासतीन."

"हासू द्या."

भरल्या मांडवासमोर हात कसा उचलणार? बंडी गेली.

१० मे

धुरपता स्वयंपाक करून गेली. वरण अळणी.

१४ मे

इश्वर आला. एकटाच, शकुनशिवाय. "मामी येत नाही म्हणते."

मी तुतारी उचलली. तो दारातून हलला नाही. "माझ्या घरात, कोणत्याही बाईवर," एवढंच म्हणाला. मग हळूच, "ते शब्द मामीनंच टाकाले लावले होते, मामाजी."

शकुनची दोन लुगडी लग्नाच्या दिवसापासून दोरीवरच होती. काढली. घडी मला नीट जमली नाही. तशीच त्याच्या हातात दिली.