गळ्यावरचं आयोडीन

जयनगर, बेंगळूर
१८ ऑगस्ट १९६२

ती. सौ. कावेरीअक्का हिस,
अहल्येचा नमस्कार.

इकडे अण्णांचा खोकला गेला. आईच्या श्रावणी शुक्रवारच्या पोळ्या चालू आहेत. तू धारवाडहून पाठवलेले पेढे अण्णांनी चोरून संपवले. मीही बरी आहे असं लिहायला हवं, पण तिथेच घोटाळा झालाय.

तपासणीचे निकाल आले. आधी श्वासाच्या यंत्राचा. उपाशीपोटी आडवं करून नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि शरीर स्वस्थ असताना किती प्राणवायू खर्चतं ते मोजतात. माझा आकडा बराच उणे आला. म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुस्त. खरं सांगते, मला हायसं वाटलं. थंडी वाजणं, केस गळणं, फळ्यापुढे उभ्याउभ्या पेंग येणं, सगळ्याला एक कारण सापडलं.

मग रक्ताचा कागद आला. ग्रंथीचा रस रक्तात किती, ते त्यातल्या आयोडीनवरून ठरवतात. माझं जास्त निघालं. म्हणजे ग्रंथी जोरात! घरातली पहिली बी.एस्सी. मी, दोन्ही कागद पुढ्यात घेऊन बसले आणि काही केल्या उलगडेना.

अण्णा म्हणाले, "एवढी शिकलीस, स्वल्प नीट सांग की. जास्त की कमी?"

"दोन्ही."

"सरी, बरं! मग सरासरी काढ आणि कॉफी टाक."

डॉ. हयवदनरावांनी आधी कागद पाहिले, मग माझा गळा. "गळ्याला काही लावता का?"

आई पटकन म्हणाली, "काही नाही हो, नुसतं टिंक्चर आयोडीन. रोज निजताना मी लावते. सूज उतरते म्हणतात. लग्नात दागिना घालायचा तर गळा दिसणारच ना!"

डॉक्टर हसले. ते आयोडीन कातडीतून रक्तात उतरतं, आणि ग्रंथीचं कुठलं नि बाटलीतलं कुठलं हे परीक्षेला कळत नाही. तो आकडा बाद. काही महिने थांबून पुन्हा रक्त द्यायचं. तोवर ग्रंथीच्या रसाची गोळी घ्यायची. फरक पडला तर ग्रंथीच सुस्त होती असं धरायचं.

येताना घोड्याच्या जटक्यात आई रडली. "चांगल्यासाठीच लावत होते ग." मी तिचा हात धरून बसले. तिचा राग आला नाही.

राग तुझा आला, अक्का. तू सासूबाईंना सांगितलंस, अहल्येचं 'नाही' हा आजार आहे, औषधाने उतरेल. तुला तिथे काय ऐकावं लागत असेल ते जाणते. 'पदवीधर बहिणीला आमचा सुधींद्र कमी पडला' हे उठताबसता ऐकणं सोपं नाही. तुझे दीर वाईट नाहीत. पाहायला आले तेव्हा त्यांनी हसून एवढंच विचारलं, "शिकायची हौस फिटली ना आता?" एवढ्यावरून कुणी नकार देतं का? मी दिला. कारण विचारलं की घशाशी काहीतरी अडकतं, आणि सगळे माझ्या गळ्याकडे बघतात.

आता मलाच शंका येते. ग्रंथी सुस्त असली की मन उदास होतं, असं डॉक्टरच म्हणाले. मग नाही कोण म्हणालं, मी की ग्रंथी? अंगात उत्साह असता तर हो म्हटलं असतं का? रात्रंदिवस तेच डोक्यात. हे कुठल्या कागदावर उतरत नाही.

खरं लिहिते. गोळ्या कपाटात तशाच आहेत. आईला वाटतं मी घेते. बरी होऊन हो म्हणून बसले, तर आजची मी कुठे गेली म्हणायचं? भीती वाटते. पण शाळेत मुली प्रश्न विचारतात आणि मला उत्तर आठवेपर्यंत तास संपतो. त्यांचा काय दोष? हे पत्र टाकून आले की पहिली गोळी घेणार.

बरी झाल्यावर मला पुन्हा विचारा. मात्र एक आधी कबूल कर. तेव्हाही नाहीच म्हणाले, तर दुसरा आजार शोधायचा नाही. सासूबाईंना तू आपल्या तोंडाने सांगायचं, अहल्या बरी आहे, आणि ती नाही म्हणते.

पहिल्या गोळीच्या आधीची,
तुझी
अहल्या