भिंतीवरची तारीख

मंगळवार, सांजवेळ. शेलूबाजार.

घरोघरी जाऊन पाण्यात डासांच्या अळ्या शोधायच्या, पाणी साफ दिसलं की भिंतीवर खडूनं तारीख टाकायची, हे माझं काम. गेल्या महिन्यात कमलामावशीचा रांजण न उघडताच तारीख टाकली. कायले? वाकायचा कंटाळा, दुसरं काय! उरलेला खडू तिच्या नातीले देऊन निघालो.

आज कळलं, नात डेंगूनं गेली. भेटायले गेलो. मावशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी तारीख टाकली होती ना भाऊ, म्हनून मी रांजनातलं पानी फेकलं नाही."

ती तारीख अजून तिथंच. माझंच अक्षर. ओल्या रुमालानं पुसायले गेलो, तर मावशीनं हात धरला.

"राहू द्या. त्याच्याखाली पोरीनं आपलं नाव लिवलं हाये."